आरोपीचा चेहरा आणि ज्यूरीचा निकाल

मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा म्हणजे काय' या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज त्याचाच एक अवघड कोपरा बघू. आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस रडतो की नाही, खाली बघतो की समोर, आवाज कापतो की ठाम राहतो, यावरून त्याचा गुन्हा ठरवता येतो का? कायदा म्हणतो, नाही. माणसं मात्र ठरवतात, आणि ज्यूरी ही माणसांचीच असते.

आपल्या भाषेतच याचे दोन नमुने आहेत. 'कर नाही त्याला डर कशाला' असं आपण म्हणतो, म्हणजे जो घाबरला तो दोषी. पण न घाबरता ताठ बसला तर त्यालाच आपण निगरगट्ट, कोडगा, निर्ढावलेला म्हणतो, म्हणजे जो घाबरला नाही तोही दोषी. दोन्ही बाजूंनी एकच निष्कर्ष निघत असेल, तर चेहऱ्याने आपल्याला नवीन काय सांगितलं? हा प्रश्न मनात ठेवा, आपण पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आधी एक खटला सांगतो. १७ ऑगस्ट १९८०. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे, तेव्हा त्याला एअर्स रॉक म्हणत. तिथल्या तंबूंच्या तळावर मायकेल आणि लिंडी चेंबरलेन हे जोडपं मुलांसह उतरलं होतं. मायकेल हा सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक. रात्री त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ नेलं असं लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. १९८१च्या फेब्रुवारीत पहिल्या मृत्युचौकशीत तेच मान्य झालं.

पण लोकांचं समाधान झालं नव्हतं. ही बाई टीव्हीवर बोलते तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढत नाही. रानकुत्रा काय करू शकतो हे तपशिलाने, सपाट आवाजात सांगते. नवरा-बायको दोघंही देवाच्या इच्छेबद्दल बोलतात. तिचे कपडेसुद्धा चर्चेचा विषय झाले. बाळाच्या नावाचा अर्थच 'रानातला बळी' असा आहे, ही साफ खोटी अफवा देशभर पसरली. नंतर दुसरी चौकशी झाली आणि १९८२मध्ये डार्विन शहरात खटला उभा राहिला. तो साधारण सात आठवडे चालला. लिंडी तेव्हा पुन्हा गरोदर होती, दिवस भरत आले होते. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी नऊ पुरुष आणि तीन स्त्रियांच्या ज्यूरीने तिला खुनासाठी दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेपेची. नवऱ्याला गुन्ह्यानंतर साहाय्य केल्याबद्दल दोषी धरलं, त्याची शिक्षा स्थगित ठेवली.

इथे एक काळजी घ्यायला हवी. 'ती रडली नाही म्हणून दोषी ठरली' असं एका वाक्यात सांगणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. खटल्यात न्यायवैद्यक पुरावाही होता. त्यांच्या मोटारीत अर्भकाच्या रक्ताचे अंश सापडले, असं सरकारी तज्ज्ञाने सांगितलं होतं. पण दुसऱ्या बाजूलाही पुरावा होता. सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे बाळ आधीच मारलं गेलं होतं, त्यानंतर बाळाचं रडणं ऐकल्याचं शेजारच्या एका आईने शपथेवर सांगितलं. न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेलं समारोपाचं निवेदनही बचाव पक्षाकडे झुकणारं होतं, असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे तराजूत दोन्ही पारड्यांत काहीतरी होतं. असा तराजू डळमळतो, तेव्हा संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हे ठरवावं लागतं, आणि माझं म्हणणं असं की चेहरा नेमका इथे काम करतो. तो स्वतः पुरावा म्हणून पुढे येत नाही. कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, ते तो आतून ठरवतो.

पुढे काय झालं? १९८६च्या फेब्रुवारीत बाळाचं विणलेलं जॅकेट त्या परिसरात सापडलं. बाळाच्या अंगात ते होतं असं लिंडी सांगत होती, आणि सरकारी पक्ष ते मानत नव्हता. काही दिवसांतच तिची सुटका झाली. १९८७मध्ये न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने पुराव्याची चिरफाड केली. मोटारीतला जो फवारा 'रक्त' म्हणून दाखवला गेला होता, तो गाडीचा आवाज कमी करण्यासाठी कारखान्यात मारलेल्या रसायनाचा निघाला. १९८८मध्ये दोघांची दोषसिद्धी रद्द झाली. आणि १२ जून २०१२ रोजी, जवळजवळ बत्तीस वर्षांनी, चौथ्या चौकशीत अधिकृत नोंद झाली की मृत्यू डिंगोमुळे झाला. त्या बाईने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. शिक्षा लागल्यावर काही आठवड्यांतच तिला मुलगी झाली, आणि ती मुलगीही तिच्यापासून दूर गेली.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. इथे आपण अनुमान करतो ते कसं? 'ही दोषी आहे, कारण ही रडत नाही.' न्यायशास्त्राच्या भाषेत 'रडत नाही' हा हेतू आणि 'दोषी आहे' हे साध्य. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग अशी व्याप्ती आहे. उलटं करून बघा. आग आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटलं, आणि साध्य असतानाही सापडतो, नसतानाही सापडतो अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हटलं. तो हेत्वाभास आहे. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नाही.

न रडणं हा असाच सव्यभिचार हेतू आहे. दोषी माणूस रडत नाही, आणि निर्दोष माणूसही कित्येकदा रडत नाही. का? त्यामागे उपाधी असतात. कुणाला दुःखाचा धक्का इतका असतो की भावना गोठते. कुणाची श्रद्धा अशी असते की मृत्यूपुढे शांत राहणं हीच भक्ती वाटते. कुणाला वकिलाने सांगितलेलं असतं की शांत बसा. कुणाचं रडून आधीच झालेलं असतं, कारण खटला उभा राहतो तो घटनेनंतर दोन वर्षांनी. कुणी औषधांवर असतं. यातली कोणती गोष्ट लागू आहे ते ज्यूरीच्या बाकावरून दिसत नाही. दिसतो फक्त चेहरा.

कुणी म्हणेल, शास्त्र राहू द्या, अनुभवी माणसाला खोटं बोलणारा बरोबर कळतो. हा दावा तपासून झालेला आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून मांडले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे कोणत्याही खास साधनाशिवाय ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे आपल्या पारखी नजरेची कमाई नाण्यापेक्षा चार टक्क्यांची. आणि आपला आत्मविश्वास मात्र चार टक्क्यांचा नसतो.

पॉल एकमन हे याच क्षेत्रातले अभ्यासक. त्यांनी एका ठरावीक चुकीला 'ऑथेल्लोची चूक' असं नाव दिलं. शेक्सपिअरचं ते नाटक आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून आणलं, तेव्हा गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. ज्याच्यावर नवऱ्याचा संशय आहे तो मेला, असं ऐकून डेस्डिमोना रडते. ती रडते कारण आपलं निर्दोषत्व सिद्ध करणारा एकमेव माणूस गेला. नवरा समजतो, प्रियकर गेला म्हणून रडते. भावना खरी होती आणि ती त्याने बरोबर ओळखली. चुकलं ते तिचं कारण. चेहरा भीती दाखवतो, पण भीती कशाची ते दाखवत नाही. पकडलं जाण्याची भीती आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही ही भीती, दोन्ही चेहऱ्यावर सारख्याच दिसतात.

आता मुंबईत येऊ, कारण आपल्याकडेही ज्यूरी होती. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतः जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. सत्र न्यायालयात ते पांढऱ्या गणवेशात, पदकं लावून उभे राहत. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, निर्दोष. न्यायाधीश मेहतांना तो निकाल पटण्यासारखा वाटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने १९६०मध्ये दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ते कायम केलं.

ज्यूरीच्या निकालाला वृत्तपत्रं, जनमत, न्यायाधीशांच्या मार्गदर्शनातल्या त्रुटी अशी बरीच कारणं होती. मला दाखवायचंय ते एवढंच की सर्वोच्च न्यायालयाने काय बघितलं. नानावटी दुपारी दीडला घरातून निघाले, गोळ्या झाडल्या गेल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मधल्या वेळात बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन दुसरं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं. जवळजवळ तीन तास. एकाएकी प्रक्षोभ होऊन तोल गेला, हे म्हणणं या वेळापत्रकात बसत नाही, असं न्यायालयाने धरलं. गणवेश, पदकं, चेहरा यांचा इथे संबंधच येत नाही. माणूस कसा दिसला हे बाजूला ठेवून त्याने केव्हा काय केलं हे विचारलं, की प्रश्नाचं स्वरूपच बदलतं.

आणि दोन्ही खटले शेजारी ठेवून बघा. संयमी, ताठ पुरुष अधिकारी असेल तर तो बाणेदार. संयमी, ताठ बाई आणि तीही आई असेल तर ती निर्दय. वागणं तेच, पण आपण ते वाचतो आपल्या मनातल्या साच्यातून. आई कशी दिसावी, विधवा कशी दिसावी, गरिबाने न्यायाधीशापुढे किती वाकावं, हे सगळं आपल्या मनात आधीच ठरलेलं असतं. आरोपी त्यात बसला नाही की आपल्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे.

यापेक्षा अवघड प्रश्न पश्चात्तापाचा. अमेरिकेत फाशीच्या खटल्यात दोन टप्पे असतात. आधी दोषी की निर्दोष, मग शिक्षा काय. 'कॅपिटल ज्यूरी प्रोजेक्ट' या संशोधन प्रकल्पात १४ राज्यांमधल्या हजाराहून अधिक माजी ज्यूरी-सदस्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांतून पुन्हा पुन्हा पुढे आलं ते हे की आरोपीला पश्चात्ताप झाला आहे की नाही, याला ज्यूरी फार महत्त्व देते. आणि तो पश्चात्ताप ते बऱ्याच अंशी आरोपी नुसता बसलेला असताना बघतात. बोलताना नव्हे, बसलेला असताना. कंटाळलेला दिसला, बेफिकीर दिसला, हसला.

यातली तार्किक कोंडी लक्षात घ्या. समजा माणूस खरोखर निर्दोष आहे आणि ज्यूरीने चुकून दोषी ठरवलं. आता दुसऱ्या टप्प्यात त्याने पश्चात्ताप दाखवायचा तरी कशाचा? दाखवला तर खोटं, आणि आधीच्या बचावाशी विसंगत. नाही दाखवला तर ज्यूरी म्हणणार, बघा, अजूनही काही वाटत नाही याला. म्हणजे निर्दोष असणं हेच कठोर शिक्षेचं कारण ठरू शकतं. पश्चात्तापाला शिक्षेच्या विचारात नैतिक स्थान आहे, हे मी नाकारत नाही. पण ते स्थान ज्याने गुन्हा केला त्याच्यासाठी आहे, आणि ज्यूरीला तर तेच चुकीचं कळलेलं असू शकतं.

याच संदर्भात १९९२चा रिगिन्स विरुद्ध नेवाडा हा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. डेव्हिड रिगिन्सवर खुनाचा खटला होता, बचाव होता मनोविकाराचा. खटल्याच्या काळात त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध रोज ८०० मिलिग्रॅम मेलारिल हे मनोविकारावरचं औषध दिलं जात होतं. फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी उलटवली. न्यायमूर्ती केनेडी यांनी स्वतंत्र मतपत्रात नेमका आपला मुद्दा मांडला. आरोपी संपूर्ण खटलाभर ज्यूरीच्या नजरेसमोर असतो, औषधाने तो मख्ख किंवा सुस्त दिसला तर ज्यूरी त्याला निर्विकार समजेल, आणि फाशीच्या खटल्यात पश्चात्तापाबद्दलचा हा अंदाज जीवन-मरणाचा फरक करू शकतो. ज्यूरी ज्याला काळीज नाही असं समजते, तो कदाचित गोळीचा परिणाम असतो.

मंडळी, हा विचार पाश्चात्त्यांनी पहिल्यांदा केला असं समजू नका. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुष्ट वादी-प्रतिवादी किंवा साक्षीदार ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो, घसा कोरडा पडून बोलणं अडखळतं. आजच्या देहबोलीच्या पुस्तकात शोभेल अशी यादी. पण त्यावर विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही टीका आहे, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणला, लिहिलेली. विज्ञानेश्वर काय म्हणतो? यावरून दोषाची केवळ शक्यता कळते, निश्चय होत नाही. कारण हा विकार त्या माणसाचा स्वाभाविक आहे की काही निमित्ताने आला, हे ओळखणं कठीण. आणि पुढे तो म्हणतो, एखाद्या चतुर माणसाला ओळखता आलं, तरी तेवढ्यावर पराभव जाहीर करता येत नाही. माणूस मरणार अशी चिन्हं दिसली म्हणून शहाणी माणसं त्याचे अंत्यविधी उरकत नाहीत. नऊशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आहे. पहिला भाग ज्ञानाबद्दल, चिन्ह अनिश्चित आहे. दुसरा न्यायाबद्दल, चिन्ह खरं असलं तरी ते सिद्धतेची जागा घेऊ शकत नाही. मला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

मग आधुनिक कायदा काय करतो? अमेरिकेत १९७६पासून नियम आहे की आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत ज्यूरीपुढे बसायची सक्ती करता येत नाही. २००५मध्ये ठरलं की शिक्षेच्या टप्प्यातही, खास कारण असल्याशिवाय, दिसतील अशा बेड्या घालता येणार नाहीत. म्हणजे कपडे आणि बेड्या यांचा परिणाम कायद्याने ओळखला. चेहऱ्याचं काय करायचं? चेहरा काढून ठेवता येत नाही. आपल्याकडे २०२४पर्यंत लागू असलेल्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८०प्रमाणे न्यायाधीश साक्षीदाराच्या साक्ष देतानाच्या वागणुकीबद्दल, महत्त्वाचं वाटलं तर, शेरा नोंदवत असे. यात दोन गोष्टी आहेत. शेरा साक्ष देणाऱ्याबद्दल आहे, गप्प बसलेल्याबद्दल नाही. आणि तो लेखी आहे, म्हणजे वरच्या न्यायालयाला तो तपासता येतो. ज्यूरीच्या मनातला शेरा कुणालाच तपासता येत नाही. ज्यूरी कारणं देत नाही. माझ्या मते हा फरक मूलभूत आहे.

आता दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

प्रश्न : सर, मग साक्षीदाराला प्रत्यक्ष बघण्याला काहीच अर्थ नाही का? नुसता टंकलिखित मजकूर वाचून निकाल द्यावा?

उत्तर : नाही, तसं नाही. प्रत्यक्ष उलटतपासणीचा मोठा उपयोग आहे, पण तो उत्तरांसाठी. साक्षीदार आधीच्या जबाबाशी सुसंगत बोलतो का, स्वतंत्र कागदपत्रांशी ते जुळतं का, अनपेक्षित प्रश्नाला तपशील देऊ शकतो का, हे तपासता येतं. उत्तर देताना नजर चुकवली यावर वजन टाकायचं नाही. इंग्लंडमधल्या काही मोठ्या न्यायाधीशांनीही, विशेषतः लॉर्ड बिंगम यांनी, हीच भूमिका घेतली आहे. साक्षीदार परक्या भाषेतून, दुभाष्यामार्फत बोलत असेल तर अधिकच जपायला हवं. आपल्या न्यायालयांत आदिवासी पाड्यावरून आलेला माणूस काळ्या कोटांच्या गर्दीत मान खाली घालून उभा राहतो. ती मान अदबीने खाली असते, तिचा अर्थ अपराधीपणा असा लावायचा का?

प्रश्न : भारतात आता ज्यूरी नाही. मग हा विषय आपल्याला कितपत लागू?

उत्तर : न्यायाधीशही माणूस आहे, एवढं उत्तर पुरेसं होईल. पण मी आणखी एक सांगतो. न्यायालयातली ज्यूरी गेली, बाहेरची गेली नाही. रोज संध्याकाळी टीव्हीवर, मोबाइलवर आरोपीची चित्रफीत येते. पोलिसांच्या गाडीत चढताना तो हसला, किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायको कॅमेऱ्यापुढे रडली नाही. आणि घराघरात निकाल लागतो, 'बघ, चेहऱ्यावरच दिसतंय.' तेव्हा एवढंच करा. स्वतःला विचारा, ही व्यक्ती याच्या उलट वागली असती, तर माझं मत बदललं असतं का? रडली असती तर 'नाटक करते' असंच म्हटलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर आपण चेहरा वाचत नाही आहोत. आपला निकाल आधीच झालेला आहे, चेहरा फक्त त्यावर शिक्का मारायला वापरतो आहोत.

पुढच्या व्याख्यानात कबुलीजबाब या विषयावर बोलू. निर्दोष माणूस 'मी केलं' असं का म्हणतो, हा तिथला प्रश्न. आजचा आणि तो, दोन्ही जोडूनच ऐकावेत.